मदत हवी आहे : शाळेच्या फॉर्मवर सही करू का? (जालना)

जालनेकर७९ : शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय, घाईत लिहायलोय. लेकराला जूनमध्ये कॉन्व्हेंटला टाकलं. काल जेवायला बसलो, तर भाकरी मोडायच्या आधी त्यानं कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवला, "आमेन" म्हणलं अन् मग वरणात भाकरी कुस्करली. आमची आई वारकरी, गळ्यात माळ. तिचा घास हातातच राहिला. आता शाळेनं कागद धाडलाय, 'शाळेची मूल्ये मान्य आहेत', खाली पालकाची सही. करू का नको?

गोदाकाठ : कितवीत? बोर्ड कोणतं? फॉर्मवर आणखी काय लिहिलंय? फोटो टाका की.

झेडपी_मास्तर : नाव काढा, जिल्हा परिषदेत टाका. फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी गरम खिचडी.

गोदाकाठ : मास्तर, शाळा बदलू का असं विचारलंच नाही त्यांनी.

पैठणगेट : आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करा, फी वाचते. माझ्या भाच्याचा लागला नंबर.

वकिलीण : अल्पसंख्याक शाळांना ते २५ टक्के लागू नाहीत, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा प्रमती निकाल बघा. मूळ मुद्दा राज्यघटनेच्या कलम २८(३) चा. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. सही त्यासाठीच मागत असतील. मजकूर वाचल्याशिवाय करू नका.

सिस्टरांची_विद्यार्थिनी : मी दहा वर्षं सिस्टरांच्या शाळेत काढली, तेव्हाच्या औरंगाबादेत. वर्गात कॅथलिक पोरी चार-पाच. त्यांना कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, त्याच तासाला आम्हाला मॉरल सायन्स : एक गोष्ट आणि खाली "तू काय केलं असतंस?" गणित, मराठी, परिसर अभ्यास सगळं बालभारतीचं. फरक पुस्तकाबाहेर होता. सकाळची प्रार्थना, डिसेंबरात गवताचा गोठा, आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत गोळ्या-बिस्किटांचे पैसे वर्गातल्या पत्र्याच्या डब्यात. तो डबा हलवून बघायला आमची रांग लागायची. मी आजही चतुर्थी धरते.

बेथेल : क्रूसाची खूण कॅथलिकांची. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्यात सहसा नसते. लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. जालन्यात मिशन म्हटलं की आधी रेव्हरंड नारायण शेषाद्री, आणि ते कॅथलिक नव्हते.

पैठणगेट : कुठला विषय कुठं चाललाय. मराठी तरी शिकवतात का तिथं?

वकिलीण : २०२० च्या कायद्यानं राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची आहे.

झेडपी_मास्तर : कागदावर. त्या पोरांना एकोणसत्तर म्हणजे किती ते विचारा.

सिस्टरांची_विद्यार्थिनी : मास्तर, आमच्या बाईंनी पाढे छडी घेऊन पाठ करून घेतलेत. निमकीसुद्धा.

जालनेकर७९ : पहिली, स्टेट बोर्ड. सांगायचं राहिलं. फॉर्म खिशात घडी घालून होता, आता उलटा केला तर मागंबी छापलंय. 'कॅटेकिझम' आणि 'मूल्यशिक्षण' असे दोन चौकोन, एकावर खूण करायची. खाली 'प्रार्थनेला उपस्थितीस संमती : आहे / नाही'.

गोदाकाठ : हेच पहिल्या उत्तरात विचारलं होतं!

सिस्टरांची_विद्यार्थिनी : मूल्यशिक्षणावर खूण करा. आणि लेकराला विचारा, हे शिकवलं कोणी? बहुतेक बाकावरच्या दोस्तानं.

जालनेकर७९ : दोस्तच निघाला. डबा उघडायच्या आधी तो करतो, म्हणून हाबी करतो. खूण केली मूल्यशिक्षणावर. प्रार्थनेचं अडलंय. बायको म्हणायली 'आहे' लिहा, नाहीतर लेकरू एकटंच वर्गात बसंल. आई म्हणायली 'नाही'.

वकिलीण : 'नाही' लिहिलं म्हणून शाळा काही करू शकत नाही.

जालनेकर७९ : शाळेचं सोडा ताई, घरचं सांगा.

झेडपी_मास्तर : आमच्याकडे प्रवेश वर्षभर चालू असतात.