अनुभव धागा: सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर कुठे अडतो, कसा सुटतो

वेलांटी

बँकेचं ॲप, शाळेचा निकाल, सोसायटीची पावती, सगळीकडे हल्ली मराठीचा पर्याय असतो. तो बांधणाऱ्या टीममध्ये मराठी नीट वाचणारा बहुतेक वेळा एकच जण असतो आणि ‘तू जरा बघ ना’ म्हणत सगळं त्याच्या गळ्यात पडतं. हा धागा त्यांच्यासाठी. रात्रभर जागल्याच्या कहाण्या नकोत. लक्षण, कारण, उपाय एवढं लिहा.

सुरुवात माझ्याकडून. ‘मराठी दिसत नाहीये’ अशी तक्रार आली की आधी स्क्रीनशॉट मागवा, कारण नुसत्या दिसण्यावरून निम्मं निदान होतं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर डेटा बहुतेक शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही.

प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर वाईट बातमी. मजकूर साठवताना किंवा वाटेत अशा एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) कोंबला गेलाय ज्यात देवनागरी नाहीच. डेटाबेसमध्येही प्रश्नचिन्हंच असतील तर मूळ मजकूर गेला. बॅकअप शोधा किंवा माणसाकडून पुन्हा भरून घ्या.

तिसरा प्रकार म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यामागे चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हेच पुन्हा पुन्हा. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक आणि यूटीएफ-८ ही ते साठवायची नेहमीची पद्धत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि त्यातले पहिले दोन (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात लिहिले तर) कायम ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असतात. कुणीतरी ते विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचले की हीच नक्षी उमटते. उपाय उलटा प्रवास: त्याच एन्कोडिंगमध्ये परत बाइट करा आणि यूटीएफ-८ म्हणून वाचा.

यात एक खोच आहे. हलन्ताचा (पाय मोडायच्या चिन्हाचा) तिसरा बाइट ८डी आहे आणि विंडोज-१२५२ मध्ये ८डी ही जागा रिकामी आहे. त्यामुळे पायथनचं कडक रूपांतर जोडाक्षरावर अडखळतं. ‘चुका दुर्लक्षित करा’ हा पर्याय लावलात तर स्क्रिप्ट चालते, पण मजकुरातली सगळी जोडाक्षरं मोडतात. एफटीएफवाय या पायथन लायब्ररीत १२५२ चा सैल अवतार आहे, तो वापरा.

तक्ता_क्र_४

डेटाबेसचं मी लिहितो.

ओरॅकल: मजकुराच्या स्तंभाचा प्रकार व्हारकॅर२(५०) लिहिला की मूळ सेटिंगमध्ये ते ५० बाइट असतात, म्हणजे मराठीची फक्त १६ चिन्हं. ‘श्रीकृष्ण’ या नावातच ८ चिन्हं आहेत (श, हलन्त, र, दीर्घ ईकार, क, ऋकार, ष, हलन्त, ण मोजून बघा, ९ भरतील!). पूर्ण नाव बसायचा प्रश्नच नाही. स्तंभाची व्याख्या करताना ५० च्या पुढे ‘कॅर’ लिहा.

एसक्यूएल सर्व्हर: स्तंभ एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा प्रकार) केला तरी क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुरापुढे ‘एन’ लावला नाही तर प्रश्नचिन्हं होतात. वर वेलांटीताईंनी सांगितलेला दुसरा प्रकार बहुतेक इथूनच येतो.

मायएसक्यूएल: जुना ‘यूटीएफ८’ म्हणजे जास्तीत जास्त ३ बाइट. मराठी त्यात बसते म्हणून चाचणी पास होते. मग एखादा ग्राहक अभिप्रायात इमोजी टाकतो, तो ४ बाइटचा. कडक मोड असेल तर एरर, नसेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर गायब. सगळीकडे यूटीएफ८एमबी४ करा. टेबल बदललं तरी कनेक्शनचं एन्कोडिंग तपासायचं राहतंच, तेही बघा.

नक्तचर

@तक्ता_क्र_४, स्वतःच ८ लिहून ९ मोजलेत, म्हणजे मुद्दा पटलाच सगळ्यांना. :)

मोजण्यावरून एक. ‘लांबी’ विचारताना काय मोजायचंय ते आधी ठरवा. ‘क्षत्रिय’ डोळ्यांना ३ अक्षरं, युनिकोडला ८ चिन्हं, डिस्कला २४ बाइट. ‘पहिली २० अक्षरं दाखवून पुढे तीन टिंबं’ हे काम साध्या सबस्ट्रिंगने केलं की शब्द हलन्तावर तुटतो आणि यादीत ‘महाराष्…’ असं काहीतरी लोंबकळत राहतं. अक्षरांच्या सीमा ओळखायला ब्राउझरमध्ये इंटल.सेगमेंटर आहे, इतरत्र आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी. पण आवृत्ती बघून घ्या. जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांनी चालणारी लायब्ररी ‘क्ष’ चे दोन तुकडे करते.

रफार_आणि_कंपनी

शोध चालत नाही, या तक्रारीमागे मराठीत तीन नेहमीचे चोर आहेत.

पहिला, अर्धा र. ‘दऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्तावाला ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१), हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग अदृश्य जोडक (२००डी), मग य: ‘दर्‍या’. बहुतेक फॉन्टांत दिसायला तंतोतंत सारखे. एनएफसी प्रमाणीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एक करायच्या ठरलेल्या पद्धतीने) हे एक होतात, ही समजूत अनेकांना महागात पडते. एनएफसी फक्त ‘र अधिक सुटा नुक्ता’ याचा ‘ऱ’ करतं, तेवढंच. आणि खरी आपत्ती वेगळीच: फॉर्मवरची सुरक्षा-गाळणी ‘अदृश्य चिन्हं धोकादायक’ म्हणून २००डी उडवते. मग डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, आणि आचाऱ्यांना दिलेलं मानधन आचार्यांना जातं. गाळणीला नियम द्या: आधी र-हलन्त-२००डी याचं ऱ-हलन्त करा, मग उरलेले २००डी हवे तर काढा. हा क्रम उलटला तर सगळं मुसळ केरात.

दुसरा, ॲ. एकसंध ॲ (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचा आणि काही कीबोर्डांवरचा आजचाही मजकूर ‘अ’ वर सुटा चंद्र लावून येतो. या दोघांनाही एनएफसी एक मानत नाही. ‘ॲप’ शोधणाऱ्याला निम्मे निकाल मिळतात.

तिसरा, विसर्ग. ‘दुःख’ मध्ये विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन टाइप करणारे असंख्य. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये जागा न सोडता कोलन असेल तर विसर्ग धरा, असा नियम बऱ्यापैकी चालतो, पण ‘टीप:अर्ज’ सारख्या ठिकाणी फसतो. म्हणून मी तो फक्त ‘दु’, ‘अंत’, ‘प्रात’, ‘स्वत’, ‘नि’ अशा शब्दारंभांच्या यादीपुरता लावायच्या मताचा आहे.

तक्ता_क्र_४

पण हे सगळं मूळ स्तंभात करू नका. लोकांची नावं आहेत ती, कागदपत्रांशी जुळवली जातात. मूळ जसं आलं तसं ठेवा. शेजारी शोधासाठी वेगळा स्तंभ करा, त्यात प्रमाणित रूप, त्यावर इंडेक्स. शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून काढा.

रफार_आणि_कंपनी

नावांपुरतं मान्य. पण बातम्या किंवा लेख असतील तर दाराशीच स्वच्छ केलेलं बरं. नाहीतर तोच मजकूर पुढे पाच सिस्टीममध्ये जातो आणि प्रत्येक ठिकाणी हेच फंक्शन नव्याने लिहावं लागतं.

पायथनपंत

रेजेक्सबद्दल (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीबद्दल) कुणी बोललं नाही अजून. पायथनच्या मूळ रेजेक्समधला ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ काना, वेलांटी, हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही. ‘मराठी’ मधून शब्द काढायला सांगा, ‘मर’ आणि ‘ठ’ मिळतील. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत शब्द मोजणाऱ्या काउंटव्हेक्टरायझरमध्ये तर मूळ पॅटर्न किमान दोन चिन्हांचा शब्द मागतो, म्हणजे ‘ठ’ ही गळाला आणि हातात फक्त ‘मर’. मॉडेलची अचूकता कमी येते तेव्हा लोक अल्गोरिदम बदलत बसतात. आधी टोकन (कापून काढलेले शब्द) छापून बघा. उपाय: ‘रेजेक्स’ नावाची वेगळी लायब्ररी, किंवा टोकनायझर स्वतः द्या, ज्यात ०९०० ते ०९७एफ ही पूर्ण पट्टी आणि २००डी आहे. दंड (०९६४, ०९६५) तेवढे वगळा. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोड फ्लॅग लावून ‘अक्षर’ हा वर्ग वापरलात तरी मात्रा सुटतात, ‘चिन्ह’ हा वर्गही जोडावा लागतो.

अंकगणित

आकड्यांचा वेगळाच तमाशा. पायथनमध्ये ‘बॅकस्लॅश डी’ ला देवनागरी आकडे चालतात, जावास्क्रिप्टमध्ये चालत नाहीत. त्यामुळे ९८ ने सुरू होणारा मराठीत टाइप केलेला मोबाइल नंबर पायथनची तपासणी पार करतो आणि पुढच्या सेवेत आपटतो. आत येणारा प्रत्येक अंक आधी इंग्रजी करून घ्या, मग तपासा.

बाहेर जाणारं त्याहून त्रासाचं. जावास्क्रिप्टमध्ये ‘एमआर-आयएन’ लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग, इथे मराठी-भारत) दिलं की आकडे आपोआप १,२३,४५६ असे देवनागरीत येतात. हिंदीच्या लोकेलला येत नाहीत, त्यामुळे हिंदीवर चाचणी करून मराठी सोडणाऱ्यांना ते कळतच नाही. दाखवायला छान, पण तेच इनपुटच्या चौकटीत भरलं की परत वाचताना ‘संख्या नाही’. लोकेलच्या शेपटीला ‘यू-एनयू-लॅटन’ जोडलं की इंग्रजी आकडे राहतात.

अँड्रॉइडवर याचा सगळ्यात छळवादी प्रकार: फोनची भाषा मराठी असेल आणि तारीख लिहिणारा सिंपलडेटफॉरमॅट लोकेल न देता वापरला असेल तर सर्व्हरला जाणारी तारीख ‘२०२५-०३-१५’ अशी अक्षरशः देवनागरीत जाते. लॉगिन फक्त काही ग्राहकांचं पडतं, ऑफिसातल्या एकाही फोनवर पडत नाही, कारण ऑफिसातले सगळे फोन इंग्रजीत. यंत्राला जाणाऱ्या प्रत्येक तारखेला आणि स्ट्रिंग.फॉरमॅटला लोकेल.रूट द्या. चाचणीचा एक फोन कायम मराठीत ठेवा.

खिळा

पीडीएफ. ‘किती’ मधली ऱ्हस्व वेलांटी क च्या पुढे जाऊन बसली किंवा जोडाक्षराच्या जागी हलन्त दिसला, की समजा लायब्ररी शेपिंग (अक्षरं जोडून योग्य जागी मांडणं) करत नाहीये. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कितीही बदला. हार्फबझ ही शेपिंगची लायब्ररी वापरणारा मार्ग धरा: एचटीएमएल बनवून हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोममधून पीडीएफ, किंवा वीझीप्रिंट.

लॅपटॉपवर नीट आणि सर्व्हरवर चौकोन, तर कंटेनरमध्ये फॉन्टच नाही. डेबियनमध्ये लोहित देवनागरीचं पॅकेज टाका किंवा नोटो सॅन्स देवनागरीची फाइल सोबत न्या. एफसी-लिस्ट या फॉन्टांची यादी देणाऱ्या कमांडला ‘लँग=एमआर’ विचारून खात्री करा.

पानाला भाषा ‘एमआर’ लावायला विसरू नका. काही फॉन्टांत मराठी ल आणि श यांची वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि ती भाषा सांगितल्यावरच येतात. सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग शून्यच हवं, नाहीतर शिरोरेघ तुटते. बटणाची उंची पक्की बांधली असेल तर ‘मृत्यू’ चे खालचे उकार आणि ‘र्कीं’ ची वरची गर्दी कापली जाते. लाइन-हाइट १.६ च्या खाली नको.

चाचणीसाठी माझे ठरलेले शब्द: उद्ध्वस्त, वाङ्मय, स्त्रियांच्या, दऱ्या, मार्मिक, हृदय, ॲप, दुःख.

शॉर्टकोड

एसएमएस थोडक्यात. इंग्रजी मेसेज १६० चा, मराठी ७० चा. ७० ओलांडले की प्रत्येक तुकडा ६७ चा. काना-मात्रा-हलन्त सगळे एकेक धरून. ७१ झाले की बिल दुप्पट. इंग्रजी मेसेजमध्ये रुपयाचं नवं चिन्ह टाकलं तरी तो पूर्ण मेसेज ७० च्या हिशोबात जातो, तिथे साधं इंग्रजी ‘आरएस’ लिहा. आणि डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची नोंदणी होते ती व्यवस्था) नोंदवलेल्या टेम्प्लेटमध्ये एक ऱ्या आणि कोडमध्ये दुसरा र्‍या असेल तर डोळ्यांना फरक दिसत नाही, मेसेज मात्र अडतो. टेम्प्लेट पोर्टलवरून कॉपी करूनच कोडमध्ये आणा.

वेलांटी

यादी लावायच्या क्रमाचं कुणी सांगेल का? आणि जुन्या फॉन्टांचं?

नक्तचर

क्रम: नुसत्या युनिकोड क्रमाने ळ हा ल आणि व च्या मध्ये येतो, क्ष क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये जातो. मतदारयादी किंवा शब्दसूची असेल तर लोक लगेच बोट ठेवतात. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आयसीयूचं मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) लावा.

खिळा

जुने फॉन्ट म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी योगेश वगैरे. यांत साठवलेली असतात रोमन चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. कृतिदेवात रोमन छोटा एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि मोठा झेड म्हणजे रफार. चिन्हं साठवलेली असतात दिसण्याच्या क्रमाने, युनिकोडला हवी असतात उच्चाराच्या क्रमाने. तक्त्याप्रमाणे नुसती अदलाबदल केली की काम अर्धं.

‘मार्मिक’ घ्या. फाइलमध्ये क्रम असतो: म, काना, वेलांटी, म, रफार, क. वेलांटी म च्या मागून पुढे न्यायची आणि रफार म च्या पुढून मागे आणायचा. वेलांटीने एका अक्षरावरून नाही, पूर्ण जोडाक्षरावरून उडी मारली पाहिजे, नाहीतर ‘मारि्मक’ होतं. रफार मात्रेच्याही नंतर टाइप केलेला असतो, म्हणून त्याला मात्रा ओलांडून व्यंजनाच्या आधी न्यावं लागतं. हे विसरलेल्या कन्व्हर्टरची खूण म्हणजे ‘कायर्कतार्’. तक्ता लावताना लांब जुळण्या आधी, एकेरी चिन्हं शेवटी.

रूपांतर झालं की दोन गोष्टी मोजा: हलन्तानंतर लगेच मात्रा किती ठिकाणी आहे, आणि ‘र्’ वर संपणारे शब्द किती. पहिला आकडा शून्यच हवा. दुसऱ्यात जे सापडतील ते एकेक बघा.

आणि वर्डच्या फाइलमध्ये इंग्रजी शब्द मिसळलेले असतील तर आधी साधा मजकूर काढू नका. त्यात कुठला तुकडा कुठल्या फॉन्टचा ही माहिती जाते आणि ‘इन्व्हॉइस’, ‘जीएसटी’ सकट सगळ्या इंग्रजीचं मराठी कडबोळं होतं. वर्डची डॉक्स फाइल झिपसारखी उघडून प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट वाचा, जुन्या फॉन्टचे तुकडे तेवढे बदला. फॉन्टचं नाव तुकड्यावर नसेल तर ते परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये असतं, तिथवर जावं लागतं.