खडकावर आणि खाडीत एकच दोरी चालेल का? तंगूस निवडायला मदत हवी

नमस्कार मंडळी,

महिन्यातून दोन-तीनदा मुंबईत बँडस्टँडच्या खडकांवर गळ टाकायला जातो, कधी गोराईच्या खाडीत. बाबा हातानेच टाकायचे, डब्याला गुंडाळलेलं जाड तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी), शिसं आणि कोलंबी. मी रॉड-रील घेतलं आणि दुकानदाराने सुचवली म्हणून २० पौंडी (तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी.

खाडीत ती उत्तम. अजिबात ताणली जात नाही, शिंगाळ्याने कोलंबीला नुसती ढुशी दिली तरी बोटाला कळतं. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाच्या जवळपास निम्मी बारीक, त्यामुळे लांबही जाते. खडकांवर मात्र तीनदा तुटली. गेल्या पुनवेच्या उधाणाला जिताडा लागला. पाण्याबाहेर उसळलेला डोळ्यांनी पाहिला आणि दोरी सैल पडली! टोक पिंजलेलं होतं. कालवांवर घासली असणार, नाहीतर त्याच्या कल्ल्याच्या धारेने कापली. मासा गेला त्याचं वाईट वाटतंच, पण तोंडात गळ आणि मागे दोरी घेऊन तो कुठे अडकला असेल, हे डोक्यातून जात नाही.

तर ब्रेडच्या पुढे, गळाकडच्या टोकाला, तंगूस जोडू की फ्लुरोकार्बनची दोरी? किती लांब? फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतं म्हणतात, पण उधाणाला आपलं पाणी चहासारखं गढूळ. मग जास्त पैसे कशाला घालायचे? आणि दोन्हीकडे एकच रील पुरेल का?

प्रतिसाद:

रील एकच ठेवा, पुढचा तुकडा बदला. खडकांवर वावभर ४० पौंडी साधं तंगूस लावा. जाड असल्याने घासणी सोसतं, शिवाय थोडं ताणलं जातं, म्हणून जिताड्याने डोकं झटकलं तरी हिसका पचतो. गढूळ पाण्यात फ्लुरोकार्बनची गरज नाही, पाणी निवळलं की वापरून बघा. जोडायला डबल युनी गाठ मारा, ओली करून आवळा. साध्या गाठीतून ब्रेड सरकते.

शिसं मात्र वेगळ्या, कमजोर तंगुसाला बांधा. कपारीत अडकलं तर तेवढंच तुटेल, मासा दोरी घेऊन जाणार नाही. तुटलेले तुकडे कृपया घरी आणा, बगळ्यांच्या पायात गुंततात.

एक सांगा, जिताडा सुटला तेव्हा ड्रॅग (रीलचा ब्रेक) किती आवळलेला होता?