‘नाइट’ला मराठीत काय म्हणायचं? सरदार, शिलेदार की बारगीर?

शब्दवेडी
माल्टाला जाणाऱ्या एका मराठी सहलीसाठी व्हॅलेटा शहराची माहिती मराठीत करतेय, कानाला लावून ऐकायची. पहिल्याच वाक्याला अडले. ‘सेंट जॉनच्या नाइट्सनी १५३० ते १७९८ माल्टावर राज्य केलं.’ मी ‘नाइट’ (म्हणजे युरोपातला मानाचा घोडेस्वार योद्धा, इंग्रजी knight) तसंच ठेवलं होतं. ध्वनिमुद्रण आईला ऐकवलं. ती मेथी निवडत बसली होती, हात थांबवून म्हणाली, “हे लोक रात्रीच का लढायचे गं?” छापलेलं असतं तर वाचणाऱ्याने सांभाळून घेतलं असतं. कानाला मात्र नाइट म्हणजे नाइट ड्युटीतलाच नाइट. मग ‘सरदार’ केलं, तर मजकूर तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणाल्या, सरदाराला जहागीर असते, हे तर दारिद्र्याची शपथ घेतलेले लोक. तेही पटलं. शिवाय ‘ऑर्डर’, म्हणजे या नाइट्सची संघटना, तो शब्द आहेच. पंथ, संघ, संप्रदाय, सगळं लिहून खोडून झालंय. शुक्रवारी द्यायचंय.

जुना वाचक
शिलेदार म्हणा. शब्द मानाचा आहे, त्यात घोडा आहे, हत्यार आहे, आणि मराठी माणसाला फोड करून सांगावी लागत नाही.

पागेवाला
जुना वाचक, इथेच तर गोची आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला आलेला. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. आता टेम्पलरांचं बघा, माल्टावाल्यांसारखाच शपथ घेतलेल्या नाइट्सचा तो दुसरा संघ. ११२९ साली त्र्वा इथल्या धर्मसभेने त्यांना नियमावली दिली. तिच्यात प्रत्येक नाइटला तीन घोडे आणि एक मदतनीस मंजूर आहे. त्यातलं त्याच्या मालकीचं मात्र काही नाही. घोडा संघाचा, खोगीर संघाचं, अंगावरचा पांढरा झगासुद्धा संघाचाच. सगळ्या पश्चिम युरोपात ज्यांच्या जमिनी पसरलेल्या, त्यांच्यातल्या एकेका माणसाकडे स्वतःचं असं काही नसायचं. मग हा शिलेदार कसा? हा तर पक्का बारगीर. आमच्या पणजोबांच्या कागदांत बारगिरीच्या नोंदी आहेत, घोड्याचा रंग आणि डागाची खूणसुद्धा लिहिलेली आहे. घोडा मेला तर दाग दाखवून हिशेब द्यावा लागायचा. त्यामुळे हा फरक मला जवळचा वाटतो.

जुना वाचक
पण ‘शिलेदार’मधला शिले म्हणजे सिलाह, म्हणजे हत्यार. सिलाहदार, हत्यारबंद माणूस. शब्दाच्या मुळात घोडा कोणाचा हा प्रश्नच येत नाही, तो नंतर चिकटला. उलट बारगीर म्हणजे फारसीत ओझं वाहणारा. जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंचं रक्षण करणाऱ्याला तुम्ही ओझंवाहू म्हणणार?

पागेवाला
मुळात काय होतं ते कोशात राहू द्या. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात. दोनशे वर्षं मराठी फौजेत हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा कुणी फारसीचा कोश उघडून पगार वाटत नव्हतं.

शुद्धलेखक
दोन्ही शब्द फारसी आणि भांडण मराठी शब्दासाठी! महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? ‘व्रतस्थ योद्धा’ म्हणा. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या तीन शपथा ‘व्रतस्थ’मध्ये आपोआप येतात. ‘धर्मवीर’ही चालला असता, पण तो शब्द कानावर पडला की आपल्याकडे संभाजीराजांशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही, येऊही नये.

शब्दवेडी
‘व्रतस्थ योद्धा’ एकदा चांगला वाटतो. वीस मिनिटांत चाळीस वेळा म्हणायचा झाला की जीभ दमते. ‘व्रतस्थ योद्ध्यांच्या संघाच्या महाप्रमुखाच्या प्रासादात’ असं वाक्य झालंय माझं.

नाशिककर
‘ऑर्डर’ला आखाडा. लोक नाकं मुरडतील, पण संन्यास आणि शस्त्र एकत्र असलेली आपल्याकडची संस्था तीच. २०१५ च्या सिंहस्थात पहाटे त्र्यंबकेश्वरला कुशावर्ताजवळ उभा होतो. साधूंच्या आधी भाल्यांना स्नान. भाल्यांना हार घातलेले, त्यांच्यावर पाणी सोडलं, मग माणसं कुंडात उतरली. शस्त्र हेच दैवत. अंगाला राख, डोक्यावर जटा आणि मधोमध ते लखलखतं पातं, हे ज्याने पाहिलंय त्याला टेम्पलर समजावून सांगावे लागत नाहीत. प्रमुखाला महंत म्हणा, ठिकठिकाणच्या ठाण्यांना मठ म्हणा, सगळी शब्दावली तयार आहे.

शुद्धलेखक
आखाडा म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला लाल माती आठवते आणि उरलेल्याला निवडणूक. शिवाय टेम्पलर थेट पोपला बांधलेले होते, ११३९ च्या फर्मानाने स्थानिक बिशपांनाही जुमानायची गरज नव्हती. आखाड्यांवर असा एक वरिष्ठ कुठे आहे?

नाशिककर
‘फर्मान’ फारसी आहे.

मडगांवकार
हांव गोंयचो, पण घरात मराठीच वाचत मोठा झालो, म्हणून लिहितो. माल्टावाल्यांचे सेंट जॉन म्हणजे येशूला पाण्यात बाप्तिस्मा देणारे. त्यांचा सण २४ जूनला, आणि आमच्याकडे त्याला सांजांव म्हणतात, पोर्तुगीज सांव जुआंववरून. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. भर पावसात, विहीर काठोकाठ भरलेली. मी स्वतः आठव्या वर्षी मारली, आईने वरून ओरडून गाव गोळा केला होता. ‘सेंट जॉनचे नाइट्स’पेक्षा ‘सांजांवचे व्रती’ मला जास्त ओळखीचं वाटेल.

आणखी एक. पोर्तुगालच्या दिनिश राजाने टेम्पलरांना बुडू दिलं नाही. फ्रान्समध्ये त्यांची धरपकड झाली, १३१२ साली पोपने संघटनाच मोडली, पण १३१९ मध्ये पोर्तुगालात त्यांच्याच मालमत्तेवर ‘ख्रिस्ताचा संघ’ उभा राहिला. त्याच संघाचा लाल क्रूस पुढे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर आला आणि ती जहाजं आमच्या किनाऱ्याला लागली. त्या क्रूसला आम्ही खुरीस म्हणतो, पोर्तुगीज क्रूझवरून. आमच्या वाड्यावर वाटेच्या वळणाला खुरीस आहे, संध्याकाळी तिथे मेणबत्ती पेटते. टेम्पलर हा विषय म्हणूनच मला परका वाटत नाही.

वाखरीकर
शब्दवेडीताई, माल्टाच्या संघाचे आठ विभाग होते ना? त्यांना काय म्हटलंय?

शब्दवेडी
मुळात ‘लांग’ आहे, म्हणजे जीभ, भाषा. प्रोव्हान्स, ओव्हर्न, फ्रान्स, इटली, आरागॉन, कॅस्टिल, इंग्लंड, जर्मनी. ज्या प्रांतातून आलात त्याप्रमाणे तुमची लांग, आणि बहुतेकींची व्हॅलेटात स्वतंत्र वास्तू. कॅस्टिलवाल्यांच्या वास्तूत आज पंतप्रधानांचं कार्यालय आहे. ‘आठ भाषा’ लिहिलं तर ऐकणाऱ्याला वाटेल हे आठ भाषा बोलायचे.

वाखरीकर
फड. वारीत फडच असतात. परंपरा एक, विठ्ठल एक, पण प्रत्येक फडाचा मान वेगळा, उतरायची जागा वेगळी, क्रम ठरलेला. पंढरपुरात फडकऱ्यांचे मठ असतात, आपला माणूस आपल्याच मठात उतरतो. तुमची ती कॅस्टिलची वास्तू म्हणजे फडाचा मठच झाला. ‘कॅस्टिलचा फड’ म्हणून बघा. आमच्या घरी फडाचं पान वाढणं हा शब्द आजही रोजचा आहे.

शब्दवेडी
कॅस्टिलचा फड! हे मी लिहिणार.

शुद्धलेखक
तमाशाचाही फड असतो, उसाचाही.

वाखरीकर
असतो ना. जिथे माणसं जमून मन लावून काम करतात तो फड. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

जुना वाचक
शब्दांचाच विषय आहे म्हणून विचारतो. टेम्पलरांचा शेवटचा प्रमुख जाक द मोले याला १३१४ च्या मार्चमध्ये पॅरिसला सीन नदीतल्या बेटावर जिवंत जाळलं. त्याने पोप आणि राजाला दिलेल्या ‘शापा’ची गोष्ट सगळे सांगतात. पोप क्लेमेंट एप्रिलमध्ये वारला, फ्रान्सचा राजा फिलिप नोव्हेंबरमध्ये. गोष्ट नंतर रचत गेलेली आहे, ते सोडा. पण तो शाप म्हणायचा का? शाप ऋषी देतात, ज्यांच्याकडे तपाचं बळ आहे ते. सात वर्षं कोठडीत सडलेला, छळाखाली कबुली दिलेला, शेवटी ती कबुली नाकारून आगीत गेलेला म्हातारा. त्याचा लागतो तो तळतळाट.

पागेवाला
तळतळाट. अगदी. शाप उच्चारावा लागतो, तळतळाट न बोलताही लागतो. १३०७ च्या १३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, फ्रान्सभर एका दिवसात धरपकड झाली. १३१० च्या मे महिन्यात पॅरिसजवळ ५४ जणांना एकत्र जाळलं. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही कुणाच्या तोंडी नाहीत. तो एकट्या द मोलेचा कसा असेल?

मडगांवकार
आमच्याकडे त्याला ‘हाय’ म्हणतात. गरिबाची हाय लागता. आजी कुणाला दारातून रिकाम्या हाताने पाठवायची नाही ती याच भीतीने.

नाशिककर
हाय आणि तळतळाट यात फरक आहे बरं का. हाय सुस्काऱ्यासारखी निघते. तळतळाटात तळणं आहे, कढईतलं.

जुना वाचक
तळणं की तळमळ? मी तळमळ–तळतळ अशी जोडी धरत होतो.

शब्दवेडी
मंडळी, नाइटचं काय करू? आत्ता ‘बारगीर’ लिहून आईला ऐकवलं. ती म्हणाली, “बारगीर म्हणजे आपले माहूरचे बारगीर का? आडनाव आहे ना त्यांचं?”