आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, ठरवायचं कोणी?

आई ७६ची, दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टर सगळं माझ्याशीच बोलतात, ती बाजूलाच बसलेली असते तरी. तिथे म्हणते "तुम्ही म्हणाल तसं डॉक्टर" आणि रिक्षात बसलो की "मला नाही हो करायचं". काय करू?

– पुढच्या वेळी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला बसवा, तुम्ही मागे. आणि तिला नेमकं काय हवंय ते आधी घरी विचारा. माझ्या सासूबाईंना खाली बसून पूजा करायची होती, बदललेल्या गुडघ्यावर मांडी घालणं सहसा टाळायला सांगतात हे कोणी बोललंच नव्हतं!

– ही काही इमर्जन्सी नाही, वेळ घ्या. ऑपरेशन नाही केलं तर काय, फिजिओने किती फरक पडेल, शुगर बीपी धरून रिस्क किती, हे मराठीत कागदावर लिहून न्या आणि आईलाच विचारू दे. इम्प्लांटच्या (आत बसवतात त्या कृत्रिम गुडघ्याच्या) किमतीवर २०१७पासून सरकारी मर्यादा आहे, पण हॉस्पिटलचा बाकी खर्च वेगळा, तोही विचारा.

– पण फार लांबवू पण नका हं, चालणंच बंद झालं की मांडीचे स्नायू जातात, मग नंतर ऑपरेशन करूनही उभं राहायला जड जातं.