सागाचा बुंधा न फाटता झाड पाडण्याचे तंत्र कसे शिकावे?

प्रश्न (राजापूर):
नमस्कार. आमच्या मांगरामागच्या उतारावर वडिलांनी लावलेला साग तोडणीस आला आहे. व्यापारी उभ्या झाडांची उक्ती किंमत सांगतात, ती फारच कमी वाटते. म्हणून झाडे स्वतः पाडून ओंडके घनफुटाच्या दराने विकण्याचा विचार आहे. गेल्या वर्षी मजुरांकडून एक झाड पाडून घेतले, तेव्हा बुंधा खालून तीन फूट उभा फाटला आणि वखारवाल्याने तेवढा भाग मापातून वगळला. चेन सॉ मला चालवता येते, परंतु ती जळाऊ लाकडापुरतीच. रीतसर तोडणी शिकण्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ (दापोली):
सुरुवात सागावर करू नये. मध्यम जाडीच्या सरळ ॲकेशियावर, जाणकार माणूस सोबत घेऊन हात बसवावा. बुंधा फाटतो तो बहुधा पडण्याच्या बाजूची खाच उथळ राहिल्यामुळे किंवा घेतलीच न गेल्यामुळे. मागचा काप पुरा होण्याआधीच झाड झुकू लागते आणि तंतू तुटण्याऐवजी उभे चिरत वर जातात. म्हणून आधी व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल, तोंड चांगले उघडे असलेली खाच घ्यावी. त्यानंतर मागचा काप खाचेच्या टोकापेक्षा बोट-दोन बोटे वर, अगदी आडवा द्यावा, आणि दोहोंमध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची पट्टी अखंड राखावी. झाडाला दिशा देणारी बिजागरी तीच. ती आरपार कापली की झाड कोणीकडेही जाऊ शकते. मागच्या कापात वेळीच लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर ठोकावी, म्हणजे झाड मागे बसून पाते अडकत नाही. (लोखंडी पाचर साखळीचे दात घालवते.) मुळातच बरेच झुकलेले झाड मात्र मुरलेल्या तोड्यावरच सोपवावे, तेथे हौस नको.

उत्तर २ (कणकवली):
वरील माहिती योग्यच आहे. पण आपले झाड उतारावर आहे, हे विसरू नये. उताराच्या दिशेने पाडलेले झाड अधिक उंचीवरून आपटते आणि खाली कातळ किंवा जांभ्याचा गडगा असला तर खोड मधोमध तडकते, म्हणून ते उताराला आडवे पाडावे. आपल्याकडे शेंडे वेलींनी एकमेकांत गुंतलेले असतात. त्या वेली आधी तोडाव्यात, सुकी फांदी अडकली आहे का ते पाहावे आणि मागे तिरकी पळवाट साफ करून मगच मशीन सुरू करावे. बाकीच्यांनी झाडाच्या दुप्पट उंचीइतके लांब थांबावे. हेल्मेट हवेच.

उत्तर ३ (चिपळूण):
मापाचे गणितही समजून घ्यावे. मध्यावरच्या घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचे. ४ फूट घेराचा १० फुटी ओंडका १० घनफूट भरतो, तीन फूट फाटला तर घेर तोच धरूनही ७ घनफूटच उरतात, शिवाय आखूड लाकडाला दर कमी मिळतो तो वेगळाच. पाडल्यावर लांबी ठरवताना वाक जेथे सुरू होतो तेथे काप घ्यावा आणि टोकांना तडे जातात म्हणून तीन-चार इंच जास्त सोडावे. साग १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. त्यामुळे तोडीची परवानगी आधी घ्यावी आणि वाहतूक परवाना हाती आल्यावाचून ट्रक भरू नये.