कपाटातले दोन फ्रूटकेक

(टेक्ससमधल्या डॅलसच्या मराठी मंडळाच्या ई-मेल यादीवरून. फ्रिस्को, प्लेनो, आर्लिंग्टन, आयर्विंग, गार्लंड ही डॅलसच्या आसपासची गावं.)

प्रेषक: चिटणीस
दिनांक: सोमवार, १ डिसेंबर
विषय: स्टोरेजमध्ये सापडलेले डबे

सप्रेम नमस्कार मंडळी,

परवा दिवाळीच्या कार्यक्रमाचं सामान स्टोरेजमध्ये परत ठेवायला गेलो होतो. सतरंज्यांच्या मागे दोन गोल पत्र्याचे डबे निघाले. दोन्हींत फ्रूटकेक, सील शाबूत. एक गेल्या नाताळात हॉलच्या मालकीणबाईंनी दिला होता एवढं मला आठवतं. दुसरा कोणी, कधी, कोणाला दिला याचा पत्ता नाही. तारीख तपासली, दोन्ही अजून मुदतीत आहेत.

शनिवारी १३ तारखेला आपला स्नेहमेळावा आहे. टेबलावर ठेवू का? की गुपचूप निकाल लावू? दोन ओळींत मत कळवा, म्हणजे मेन्यूचा मेल पाठवता येईल.

आपला,
चिटणीस

---

प्रेषक: फ्रिस्कोकर
विषय: उत्तर: स्टोरेजमध्ये सापडलेले डबे

चिटणीससाहेब,

फेका. एका शब्दात उत्तर झालं, दुसरी ओळ माझी राहिलीच, ती वापरतो.

अकरा वर्षं इथे नोकरी करतोय. दर डिसेंबरात ऑफिसच्या ब्रेकरूममध्ये कोणीतरी फ्रूटकेक आणून ठेवतं. सोमवारी अख्खा असतो, शुक्रवारीही अख्खा असतो, फक्त शेजारी एक प्लास्टिकची सुरी आलेली असते. आणि त्यातली ती हिरवी चेरी! पिकलेल्या चेरीचा रंग उडवून तिला पुन्हा हिरवा रंग देण्याची बुद्धी कोणाला झाली असेल?

कोलोरॅडोत मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथे १९९६ पासून जानेवारीत फ्रूटकेक फेकण्याची स्पर्धा भरवायला लागले. हाताने फेकायचा, गलोलीने फेकायचा, जमेल तसा फेकायचा. फ्रूटकेकचा योग्य वापर त्या गावाला कळला आहे.

---

प्रेषक: प्लेनोचे काका
विषय: उत्तर: उत्तर: स्टोरेजमध्ये सापडलेले डबे

चि. फ्रिस्कोकर यांस अनेक आशीर्वाद.

बाळा, तू आलास तेव्हा इथे मेथी, कोथिंबीर, चितळ्यांची बाकरवडी सगळं मिळत होतं. मी १९७६ साली आर्लिंग्टनला शिकायला आलो तेव्हा वेलदोडे मिळवायलासुद्धा ओळख लागायची. पहिल्या नाताळात कॉलेज रिकामं झालं आणि घरमालकाच्या आईने दारावर टकटक करून एक डबा दिला. आत हा केक. पेकान, अननस, चेऱ्या. मी चहाबरोबर रोज एक फोड अशी ती वस्तू १९ दिवस पुरवली. घरच्या पत्रात लिहिलं होतं, "येथे सुक्या मेव्याची एक वडी मिळते, वडीला मैदा चिकटलेला असतो." आईने उलट टपाली विचारलं, तूप कोणतं वापरतात?

तेव्हा रात्री टीव्हीवर जॉनी कार्सन असायचा. त्याचा विनोद फार गाजला: जगात फ्रूटकेक एकच आहे, लोक तोच एकमेकांना पाठवत असतात. माझं मत आहे की अर्ध्या अमेरिकेने केक न चाखता हा विनोदच चाखला आणि तोंड वाकडं केलं.

आणि तू राहतोस कुठे याचं तरी भान ठेव. इथून आय-४५ महामार्ग धरून दक्षिणेला तासाभरावर कॉर्सिकाना लागतं. तिथली कॉलिन स्ट्रीट बेकरी १८९६ पासून हा केक करते आहे. गस वाइडमन नावाच्या जर्मन माणसाने सुरू केली. बेकरीवाले सांगतात की रिंगलिंग सर्कसची मंडळी गावात आली होती, त्यांनी युरोपातल्या आप्तांना केक पाठवायला सांगितले आणि टपालाचा धंदा तिथून लागला. पेकान हा तर टेक्ससचा राज्यवृक्ष. आपण या राज्याचं मीठ खातो, तर केकही खावा.

डबे फेकायचे नाहीत. कोणी नाही खाल्ले तर मी घेऊन जाईन.

---

प्रेषक: आयर्विंगची मावशी
विषय: ब्लाउजपीस

नमस्कार,

काकांनी सांगितलेला विनोद वाचून हसले, कारण त्याचं मराठी भाषांतर माझ्या कपाटात आहे. त्याला ब्लाउजपीस म्हणतात. हळदीकुंकवाला मिळालेला एक मोरपंखी ब्लाउजपीस मी २०१४ साली एकीच्या ओटीत घातला आणि तीन वर्षांनी तो माझ्याच ओटीत परत आला. घडीवर माझ्याच हातचा हळदीचा डाग होता, म्हणून ओळखला. दिवाळीत सोनपापडीचे खोके फिरतात तेही तसेच. तेव्हा इथल्या लोकांना हसण्याआधी आपण जरा बेतानेच हसावं.

मला एक सांगा, केकमध्ये अंडं आहे का? आणि दारू? सध्या मार्गशीर्ष आहे. मी महिनाभर पाळते, माझ्यासारख्या आणखी चारपाच जणी असतील. टेबलावर नुसतं "केक" अशी पाटी नको.

---

प्रेषक: चिटणीस
विषय: उत्तर: ब्लाउजपीस

मावशी, डब्यावरची यादी वाचली. दोन्हींत अंडी आहेत, दारू एकातही नाही. पाटी लावतो. तुमच्यासाठी गुळाची पोळी आहेच.

दोन ओळींत मत मागितलं होतं याची सर्वांना आठवण.

---

प्रेषक: गार्लंडहून
विषय: माहितीसाठी

आपल्याकडचा पहिला नाताळचा केक केरळात तलश्शेरीला झाला असं मानतात. १८८३ साली मर्डॉक ब्राउन नावाच्या मळेवाल्याने विलायतेहून आणलेला केक मंबल्ली बापू या बेकरीवाल्याला चाखायला दिला आणि अगदी असाच करून दे म्हणाला. बापूने केला, आणि साहेब खूश झाला. आणखी एक: प्लम केकात प्लम नसतं, जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाच प्लम म्हणत. आणि पुण्या-मुंबईत आपण टुटीफ्रुटी म्हणून जे खाल्लं ती कच्ची पपई होती.

---

प्रेषक: वसईची वहिनी
विषय: केक नव्हे, मुरांबा

मंडळी नमस्कार,

या यादीवर मी एरवी फक्त वाचते. पण हिरव्या चेरीवरून अख्ख्या जातीला नावं ठेवलेली पाहवत नाहीत, म्हणून लिहिते.

मी वसईची, सामवेदी ख्रिस्ती. आमच्याकडे नाताळ म्हणजे नेवऱ्या, कलकल, फुगे हे तळलेले पदार्थ आणि केक. केकची तयारी पाऊस चालू असतानाच व्हायची. आजी काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल बारीक चिरून बरणीत घालायची, वर रम ओतायची आणि फडकं बांधून बरणी धान्याच्या खोलीत ठेवायची. दर रविवारी मिस्साहून आली की बरणी हलवायची. आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती, वास घ्यायची होती. डिसेंबरात साखर काळी होईपर्यंत जाळायची, तिच्यावर गरम पाणी ओतायचं, तो काळा पाक पिठात. रंग त्याचा, चेरीचा नाही. घरी ओव्हन कुठला? साचे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचं, पाव काढून झाल्यावर उरलेल्या धगीत आमचे केक भाजायचे. प्रत्येक साच्यावर कागदाची चिठ्ठी, आणि तरी दरवर्षी अदलाबदल होऊन भांडणं.

आता मुद्दा. हा केक लोकांना आवडत नाही कारण ते त्याला केक समजतात. ताजा, मऊ, मोठी फोड, वर आइसक्रीम. तसं खाल्लं तर तो वाईटच लागणार. तुम्ही मुरांबा वाटीभर खाता का? फ्रूटकेक हा मुरवायचा पदार्थ आहे. फळात साखर मुरली की बुरशीला लागणारं मोकळं पाणी उरत नाही, वरून रम किंवा ब्रँडी पाजत राहिलं की महिनेच्या महिने टिकतो आणि चव एकजीव होते. भाजल्या दिवशी खाल्लेला फ्रूटकेक म्हणजे काल घातलेलं लोणचं. फोड कापायची ती करंगळीपेक्षाही बारीक, उजेडात धरली तर फळं काचेसारखी दिसली पाहिजेत.

आपल्याकडे अनारसे असेच नाहीत का? तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, कुटा, गुळात कालवा, गोळा मुरत ठेवा. एवढं करून फराळाच्या डब्यात शेवटी तळाशी काय उरतं? चकली तर उरत नाही. तरी कोणी अनारसे फेकायची स्पर्धा ठेवलेली मी ऐकली नाही.

कारखान्याचा स्वस्त केक आणि हिरवी चेरी यांचं समर्थन मी करणार नाही. फ्रिस्कोच्या भाऊंचं तिथे बरोबर आहे. पण त्या फिकट हिरव्या-पिवळ्या अर्धपारदर्शक चौकोनी फोडी चेरीच्या नसतात. जुन्या पद्धतीच्या केकात ती महाळुंगाची साल असते. मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग साखरेत मुरवतात. मावशी, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ना, तेच हे. केकात अंडं म्हणून मार्गशीर्षात खाता येत नाही ही वेगळी गोष्ट.

ज्यांना फळांचे तुकडे दाताखाली नको असतात त्यांच्यासाठी त्रिनिदादचा ब्लॅक केक आहे. माझी शेजारीण करते. ती फळं रममध्ये महिनोन्महिने मुरवून वाटूनच टाकते. फळं आहेत हे डोळ्यांना कळत नाही, दुसऱ्या फोडीनंतर गुडघ्यांना कळतं.

चिटणीस, दोन ओळी झाल्या नाहीत. माफी असावी.

---

प्रेषक: फ्रिस्कोकर
विषय: उत्तर: केक नव्हे, मुरांबा

वहिनी, तुमच्या आजीच्या केकबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो आणि आता तर बोलणारच नाही. पण स्टोरेजमधले डबे आजीने केलेले नाहीत, आणि टेक्ससच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत वर्षभर ठेवून जे होतं त्याला मुरणं म्हणत नाहीत. अनारशांचा वार मात्र बसला. ते मलाच आवडत नाहीत, फक्त सासूबाई या यादीवर आहेत म्हणून कधी लिहिलं नव्हतं.

---

प्रेषक: प्लेनोचे काका
विषय: उत्तर: उत्तर: केक नव्हे, मुरांबा

वर्षभराची काय कथा. अंटार्क्टिकात केप अडेअरला एक जुनी झोपडी आहे. २०१७ साली न्यूझीलंडच्या लोकांना तिथे हंटली अँड पामर्स या विलायती बिस्किट कंपनीचा फ्रूटकेक सापडला, दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या टेरा नोव्हा मोहिमेतला, शंभरावर वर्षं जुना. डबा गंजून गेला होता, केक मात्र धड. वासही खाण्याजोगा, जवळ गेल्यावर लोणी किंचित खवट. आणि मिशिगनमध्ये एका घराण्याने पणजीने १८७८ साली केलेला केक जपून ठेवला. २००३ मध्ये तो टीव्हीवर नेला तेव्हा कार्यक्रमाचा सूत्रधार जे लेनो याने त्यातला कण तोंडात टाकला. जिवंत राहिला.

तेव्हा मंडळाचा डबा मी पहिला चाखतो. माझं वय ७२ आहे, प्रयोगाला योग्य.

(अंटार्क्टिकात टेक्ससचा उन्हाळा नसतो हे कोणी लिहिण्याआधी मीच लिहितो.)

---

प्रेषक: चिटणीस
दिनांक: रविवार, १४ डिसेंबर
विषय: हिशेब

मंडळी,

स्नेहमेळावा छान झाला, आभाराचा मेल वेगळा येईल. फ्रूटकेकचा हिशेब एवढाच:

मालकीणबाईंचा डबा काकांनी चाखून पास केला. वहिनींनी सुरी गरम पाण्यात बुडवून ४० पातळ फोडी केल्या. ३१ संपल्या. त्यांतल्या पाच फोडी मुलांनी चेऱ्या काढून परत ठेवल्या, त्या संपल्यात धराव्यात की नाही यावर समितीत एकमत नाही. फ्रिस्कोकरांनी दोन घेतल्या. दुसरी कोणी पाहत नसताना घेतली, पण मी कॉफीच्या भांड्यामागे उभा होतो.

निनावी डबा उघडला तेव्हा तेलकट वास आला. आतले पेकान खवट झाले होते. तो फेकला, हाताने, कचऱ्याच्या पेटीत, अंतर अंदाजे तीन फूट.

---

प्रेषक: फ्रिस्कोकर
विषय: उत्तर: हिशेब

दुसरी फोड मुलासाठी होती.

---

प्रेषक: वसईची वहिनी
विषय: पुढच्या वर्षीसाठी

मुलगा चांगल्या चवीचा आहे.

ऑगस्टमध्ये मंडळासाठी मी मनुका भिजत घालीन. चार केक करायचे तर सात-आठ किलो माल मुरेल एवढी चिनी मातीची झाकणाची बरणी लागेल, माझी लहान आहे. मावशी, तुमच्यासाठी दोन केक बिनअंड्याचे, संत्र्याच्या रसात मुरवलेले. कोणाकडे मोठी बरणी असेल तर कळवा.

---

प्रेषक: प्लेनोचे काका
विषय: उत्तर: पुढच्या वर्षीसाठी

माझ्याकडे आहे. १० किलोची, सांगलीहून आणलेली. सध्या तीत कैरीचं लोणचं आहे, ते जुलैपर्यंत संपवतो.

---

प्रेषक: वसईची वहिनी
विषय: उत्तर: उत्तर: पुढच्या वर्षीसाठी

काका, मनापासून आभार. आणखी कोणाकडे बरणी आहे का?