शिकागो: शनिवारी डीप डिश (खोल ताटलीतला जाड पिझ्झा), आईबाबा शाकाहारी. लवकर सुचवा!

लेकुरवाळी: शनिवारी संध्याकाळी आईबाबांना डीप डिश खायला न्यायचंय. दोघंही शाकाहारी. दोन ठिकाणी फोन केला, शनिवारचं बुकिंग घेत नाहीत म्हणाले. कुठे जाऊ? नुसती यादी नको, एकच जागा सांगा.

तळ्याकाठी: किती जण? राहताय कुठे? गाडी आहे का? अंडं चालतं का?

लेकुरवाळी: 9 जण, त्यात 2 लहान मुलं. हॉटेल मिशिगन अ‍ॅव्हेन्यूजवळ. गाडी नाही. अंडं नाही.

खमंग: लू मालनाटीज किंवा जिओर्डानोज. मात्र दोन्हीकडचा पिझ्झा एकसारखा नाही. जिओर्डानोजचा 'स्टफ्ड', म्हणजे चीजवर पिठाचा आणखी एक पातळ थर आणि त्यावर सॉस. साध्या डीप डिशमध्ये खाली चीज, वर टोमॅटो. उलट रचलं तर इतक्या वेळात चीज करपेल. भाजायलाच 35-45 मिनिटं लागतात, म्हणून रांगेत असतानाच ऑर्डर घेतात का ते विचारा. 12 इंची एक 3-4 जणांना पुरतो, तुम्हाला 3 लागतील.

चौकोनी_तुकडा: शिकागोचे लोक रोज खातात तो टॅव्हर्न स्टाइल: पातळ, कुरकुरीत, चौकोनी कापलेला. वयस्कर माणसांना तोच बरा, डीप डिशचे दोन तुकडे झाले की पोट गच्च होतं.

खमंग: धागा डीप डिशचा आहे. 1943 मध्ये पिझ्झेरिया उनोपासून सुरू झालेली गोष्ट पाहुण्यांनी का चुकवायची?

तळ्याकाठी: वर भुरभुरलेल्या चीजचं विचारून घ्या. अस्सल पार्मेजानो चीजला वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) लागतंच.

डॉलरमोजणी: बिलावर कर साधारण 11-12 टक्के. टिप 18-20 टक्के, तीही कर सोडून. 6 किंवा जास्त माणसं असली की बरीच रेस्टॉरंट टिप आधीच बिलात धरतात, नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल.

लेकुरवाळी: टिपचं विचारलं नव्हतं. आणि हो, चातुर्मास आहे, आईला कांदा-लसूण चालत नाही.

तळ्याकाठी: अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! सॉसमध्ये बहुतेक ठिकाणी लसूण असतो आणि तो आधीच मिसळलेला, त्यामुळे 'नो गार्लिक' सांगून निघत नाही. विचारायचं असं: सॉसऐवजी ताज्या टोमॅटोच्या चकत्या घालाल का? हो म्हणाले तर आईंसाठी 9 इंची वेगळा मागवा, आणि तो सॉसेज कापलेल्या कटरने कापू नका म्हणून सांगा.

पोहेवाला: त्यापेक्षा देवॉन अ‍ॅव्हेन्यू, भारतीय दुकानांचा रस्ता. ग्रँड स्टेशनवरून रेड लाइन ट्रेनने लोयोला, तिथून 155 नंबरची बस. तासभर धरा. गुजराती शाकाहारी ठिकाणी 'जैन' म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा तिन्ही बाद. हिरवी चटणी मात्र वेगळी विचारा, लसूण तिथेच लपतो. पटेल ब्रदर्स हे भारतीय किराणा दुकानही तिथेच, 1974 पासून. जाडे पोहे मिळतात.

खमंग: डीप डिशला आलेल्या माणसाला पोहे?

लेकुरवाळी: चकत्यांचं विचारते. पण 9 जणांना टेबल कसं मिळेल?

तळ्याकाठी: 5 आणि 4 अशी दोन टेबलं मागा, साडेचारला पोचा. सहानंतर जाऊ नका.